दोष वाऱ्याचा

फ्रीज टीं टीं करायला लागला.

दार नीट लागलं नाही की तो तसा ओरडतो. बारीक, सुईच्या टोकासारखा आवाज. त्याआधी घर अगदी गप्प होतं. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, पंखासुद्धा बंद. नवरा फ्रीजकडे पाठ करून जमिनीवर बसला होता आणि पुढ्यातल्या भल्यामोठ्या खोक्याची चिकटपट्टी कटरने कापत होता. दार त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर. मी ओट्यापाशी ओलं ताट हातात घेऊन उभी होते. मुद्दाम हलले नाही. मनात मोजत राहिले. सात वेळा झालं, आठ वेळा झालं, तो आपला खोक्यात गुंग.

शेवटी आतल्या खोलीतून आमची लेक, टिटवी, आली. बाबाला वळसा घालून गेली, दोन्ही हातांनी दार ढकललं, "बाबा, तो ओरडतोय ना, तुला कळत नाही का," म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

त्याने मान वर केली. "काय म्हणाली गं ती?"

"काही नाही."

हे 'काही नाही' माझ्या तोंडून अगदी सहज गेलं, आणि जाताक्षणी मला टोचलं. कारण याच दोन शब्दांची त्याला सगळ्यात जास्त भीती होती.

त्याचे वडील पन्नाशीच्या आतच बहिरे झाले. आधी कमी ऐकू यायला लागलं, मग घर ओरडून बोलायला लागलं, मग घर ओरडून दमलं. जेवताना कोणी विनोद केला की ते विचारायचे, काय रे, काय झालं? आणि पोरं म्हणायची, काही नाही, जाऊ दे. नवऱ्याने मला हे लग्नाआधीच सांगितलं होतं, कुठल्याशा बागेच्या बाकावर बसून, हातातल्या पानाच्या चिंध्या करत. सगळ्यात जास्त वेळा 'जाऊ दे' मीच म्हणालो, म्हणाला. पुढे पुढे ते विचारायचेही बंद झाले, नुसते हसायचे, तेही भलत्याच जागी. त्यांच्या हसण्याची त्याला अजून स्वप्नं पडतात.

म्हणून आमच्या घरी हा विषय निघतच नव्हता. दारावरची घंटा ऐकू आली नाही, तेव्हा त्याने तिचा सेल बदलला. फोनवर आवाज नीट येईना, तर फोन बदलला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि तो आला नाही, की म्हणायचा, तुझ्या नळाचा केवढा आवाज असतो. एकदाच मी म्हटलं, कान तपासून घेऊ या का, सहज. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य घोटासारखं गिळलं.

आणि टिटवीचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा त्याने दोष वाऱ्याला दिला.

टिटवी हे नाव त्यानेच ठेवलेलं. जन्मली तेव्हा अशी काही किंचाळली, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सासूबाईंना ते नाव मुळीच आवडलं नाही. "पोरीला असल्या पाखराचं नाव ठेवतात का रे," म्हणून त्या आठवडाभर फुगून बसल्या होत्या. पण आवाज होताच तसा. उंच, पातळ आणि न थांबणारा. आता ती पाच वर्षांची झाली आहे, पण आवाज तोच आहे आणि थांबणं अजून शिकलेली नाही.

रोज सकाळी तो तिला मोटारसायकलवरून शाळेत सोडतो. ती मागे बसते. जुन्या बॅगेच्या पट्ट्यांचा मी एक रुंद पट्टा शिवला आहे, तो तिच्या पाठीमागून घेऊन त्याच्या पोटावर बांधते. तिचं तोंड बरोबर त्याच्या पाठीच्या मध्यावर येतं, आणि त्या पाठीशी ती शाळा येईपर्यंत बोलत राहते. पूर्वी संध्याकाळी तो मला सगळं सांगायचा. आज म्हणे ढगाला पाय होते. आज म्हणे बाईंनी केस कापले, पण सगळे नाही कापले. गेल्या काही महिन्यांत हे सांगणं थांबलं होतं. मीच विचारलं, तर म्हणाला, "वारा फार लागतो गं. काही कळत नाही ती काय बोलते ते. पुढे काहीतरी बसवायला पाहिजे."

त्या खोक्यात तेच होतं. फेअरिंग. मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याभोवती बसवायचा काळाकुळकुळीत फायबरचा मोठा मुखवटा, पंख पसरलेल्या वटवाघळासारखा. वर वारा अडवायला वाकवलेली काच. आतल्या बाजूला मधोमध स्टिरिओ, डाव्या-उजव्या हाताला एकेक मोठा स्पीकर आणि त्यांच्या वर रुपयाएवढे दोन छोटे स्पीकर. ट्वीटर म्हणतात त्यांना. तो प्रत्येक वस्तू बाहेर काढून चादरीवर मांडत होता. टिटवी पुन्हा आली आणि काचेमागे तोंड नेऊन जीभ दाखवायला लागली.

"वारा थांबला की हिचं बोलणं ऐकू येईल," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. "आणि जाता जाता हिची गाणीपण लावता येतील."

मी म्हटलं, "छान आहे."

खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही वाटून गेलं, की कोण जाणे, असेलही वाराच.



खाली गाड्या लावायच्या जागेत त्याने काम काढलं. आमचा खांब कोपऱ्यातला आहे, त्यामुळे कोणाची आडकाठी नाही.

त्याला काम करताना बघणं मला फार आवडतं. तो कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहे. त्याच्याकडे एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर आहे, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठला दाता झिजलाय, हे तो उघडून न बघता सांगतो. म्हणून सगळा कारखाना त्याला डॉक्टर म्हणतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या मित्राचा फोन आला, "डॉक्टर आहेत का?" तेव्हा मी सांगितलं होतं की राँग नंबर. त्यावरून मला अजून चिडवतात.

आधी त्याने जुना दिवा उतरवला. मग पुढच्या दोन दांड्यांवर पकडी बसवल्या, प्रत्येक पकडीखाली रबरी वॉशर, म्हणजे फायबरला हादरे बसून तडा जात नाही. मी तो मुखवटा दोन्ही हातांनी तोलून धरला आणि तो खालून नट आवळत गेला. "थोडा वर. अजून. माझ्याकडे कशाला बघतेस, त्याच्याकडे बघ." टिटवीकडे बरणीचं झाकण दिलं होतं, त्यात स्क्रू. लांब स्क्रूला ती काका म्हणायची, आखूडला बाळ, आणि एक आटे गेलेला होता त्याला आजोबा. बाबाने हात पुढे केला की विचारायची, "काका देऊ की बाळ?" आणि तो माझ्याकडे बघायचा. मी बोटांनी खूण करायची. लांब की आखूड.

हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. कुठल्या दिवसापासून सुरू झालं तेही मला सांगता येणार नाही. ती बोलायची, तो माझ्याकडे बघायचा आणि मी तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं करायची, तेवढ्याच शब्दांत, जरा खालच्या आवाजात.

मग वायरी. पिवळी थेट बॅटरीवर, लाल चावीवर, मधे फ्यूज. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-चारदा वळवून बघितलं, वायर कुठे ताणली तर जात नाही ना. प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर काळी टेप. असं नीटनेटकं काम, की कोणी उघडून बघितलं तर पाहुण्यांसाठी घातलेल्या चादरीच्या घडीसारखं दिसावं. ऊन भिंतीवरून खाली उतरून आमच्या पायांशी आलं, तेव्हा त्याने चावी फिरवली.

स्टिरिओवर निळे आकडे उमटले. त्याने गाणं लावलं, ढोलकी असलेलं कुठलंसं. मोठे स्पीकर घुमले. टिटवी टाळ्या पिटत गोल गोल फिरायला लागली.

तो मात्र मान वाकडी करून उभा होता. एकदा डावीकडे वाकला, एकदा उजवीकडे. त्या छोट्या स्पीकरवर बोट ठेवलं, काढलं. मोठ्यांच्या वायरी सोडवल्या. ढोलकी गेली, घुमणं गेलं आणि फक्त वरचे दोन राहिले. त्यांतून झांजेची किणकिण येत होती, आणि गाणाऱ्या बाईचे नुसते स, श आणि श्वास. काचेचे बारीक तुकडे कोणी ओंजळीत हलवावेत तसं. स्पष्ट. माझ्या अंगावर काटा यावा इतकं स्पष्ट.

"हे दोन मेलेत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुला येतोय का आवाज?"

तो प्रश्न साधा होता. पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं, जे मी टिटवीला ताप असताना थर्मामीटर बघणाऱ्या त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आकडा वाचण्याआधीचा तो एक क्षण. हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर ग्रीसचा पट्टा. अख्ख्या दुपारचं काम, आणि त्याच्या मागे ती सगळी सकाळची बोलणी, जी वारा थांबला की परत मिळणार होती.

मी म्हटलं, "नाही."

टिटवी फिरायची थांबली. तिने तोंड उघडलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा दाबला. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि तोंड मिटलं.

"तरीच," तो म्हणाला. त्याचा श्वास मोकळा झालेला मला दिसला. "म्हणजे मालच खराब आहे."



एकदा खोटं बोललं की त्याची देखभाल करावी लागते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

सोमवारी तो ट्वीटर घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने मीटर लावला, म्हणाला, साहेब, चांगले आहेत. याने ऐकलं नाही. माझ्या बायकोलाही ऐकू आलं नाही, म्हणाला. हे तो मला अभिमानाने सांगत होता, आणि मी भांडं घासत होते ते घासतच राहिले. दुकानदाराने वाद नको म्हणून जोडी बदलून दिली. बुधवारी त्याने नवी जोडी लावली. पुन्हा तेच. पुन्हा मला खाली बोलावलं. मी म्हटलं, नीटसं कळत नाही रे, गाड्यांचे आवाज आहेत ना रस्त्यावर. म्हणजे मीसुद्धा आता दोष दुसरीकडे टाकायला शिकले होते.

त्या आठवड्यात टिटवी गप्प होती. असं नव्हे की बोलत नव्हती. माझ्याशी बोलत होती, बाहुलीशी बोलत होती. बाबा आला की थांबायची आणि आधी माझ्याकडे बघायची. एके संध्याकाळी आंघोळ घालताना मला म्हणाली, "आई, ते छोटे स्पीकर वाजतात हे गुपित आहे का?" मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. हो म्हणायला जीभ वळली नाही, आणि नाही म्हटलं असतं, तर ती टॉवेलमधूनच बाबाला सांगायला पळत सुटली असती.

मी ठरवत होते सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू. एकदा तर समोर जाऊन बसलेही. तो जमिनीवर वायरिंगचा नकाशा काढत होता, कुठे चुकलंय ते शोधायला. स्वतःच्या कामातली चूक तो इतक्या निष्ठेने शोधत होता, की मला पुढे बोलवेना. त्याचवेळी म्हणाला, "गेल्या महिन्यात ते मोठं बेअरिंग जळलं ना कारखान्यात, मी आदल्याच दिवशी तपासलं होतं. ठीक आहे म्हणालो होतो." आणि हसला. "डॉक्टरचा पण एखादा पेशंट जातो." मीही हसले. दोघंही किती वेळ हसलो त्यावर, उगाच.



पुढच्या रविवारी मामा आले.

मामा म्हणजे कारखान्याचे स्टोअरकीपर. नात्याने कोणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. गेली तीस वर्षं कपाटं आणि खिळ्यांच्या डब्यांमध्ये बसलेले, त्यामुळे यंत्रांच्या आवाजाने बाकीच्यांच्या कानांचं जे झालं ते त्यांच्या कानांचं झालं नाही. नव्या फेअरिंगची बातमी लागली, म्हणून कौतुकाने बघायला आले होते. आल्या आल्या मला म्हणाले, "सूनबाई, ही गाडी आहे की वरातीचा बँड?" मग फेअरिंगला प्रदक्षिणा घातली, काचेवर टिचकी मारली, नट मोजले, आणि म्हणाले की काम फर्स्ट क्लास आहे, फक्त चालवणारा जरा बरा दिसायला हवा होता.

नवरा खूश झाला. म्हणाला, "सगळं ठीक आहे मामा, पण वरचे दोन वाजत नाहीत. दोन जोड्या झाल्या. वायर बदलली. काही कळत नाही." त्याने मोठे स्पीकर सोडवले, चावी फिरवली आणि बाजूला झाला.

मी तेव्हा चहाचे कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. तिथून मला झांज ऐकू आली.

मामा वाकले. सरळ झाले. "काय वाजत नाही?"

"हे वरचे."

"अरे डॉक्टर, केवढ्याने किर्र करतायत! माझ्या कानात घुसतंय."

"मामा, मस्करी पुरे आता."

"मस्करी कसली? सूनबाई, तूच सांग बाई याला."

मामा अजून हसत होते. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं, जसं कोणी दिव्याची वात हळूहळू खाली करावी. त्यांनी स्वतःच हात पुढे करून चावी बंद केली. तरी काही बदललं नाही, त्याच्यासाठी. ते मला दिसलं. आवाज बंद झाला हे त्याला निळे आकडे विझले तेव्हा कळलं.

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तू तर नाही म्हणाली होतीस."

मी कपांचा ट्रे पायरीवर ठेवला.

"मी सांगणार होते बाबा," टिटवी म्हणाली. "आईने मला बोलू दिलं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सवयीने माझ्याकडे पाहिलं, ती काय म्हणाली ते विचारायला. आणि तसंच, बघता बघता, त्याला उमगलं की आपण काय करतोय. मान माझ्याकडे अर्धी वळलेली, तशीच राहिली.

मी ते वाक्य त्याला सांगितलं. जसंच्या तसं. "ती म्हणतेय, आईने मला बोलू दिलं नाही."

मामा कप न उचलता निघाले. जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला, थापटलं नाही, नुसता ठेवला. पुढे कधीतरी मला म्हणाले, मी मेलो असतो तर बरं, पण त्या दिवशी मी तोंड उघडायला नको होतं. मी म्हटलं, मामा, तोंड उघडायचं काम माझं होतं.

नवरा खाली बसला. सोडवलेल्या वायरी एकेक करून पुन्हा जोडल्या. टेप गुंडाळली. हात पुढे करून टिटवीकडे शेवटचा स्क्रू मागितला. ती म्हणाली, "बाळ देऊ?" यावेळी तो माझ्याकडे वळला नाही. तिच्याच ओठांकडे बघत राहिला, खूप वेळ. मग तळहात उघडाच ठेवून म्हणाला, "तुला जो वाटेल तो दे."



तपासणीला मी बरोबर गेले. त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन. बाहेर डॉक्टरीणबाई बटणं दाबत होत्या. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच. बटण दाबलं की यंत्रावर एक छोटा दिवा लागायचा. मी दिवा बघत होते आणि त्याचं बोट बघत होते. सुरुवातीला दिवा आणि बोट बरोबर होते. मग बोट जरा मागे पडलं. मग दिवा लागत राहिला, विझत राहिला, पुन्हा लागला, आणि बोट मांडीवर तसंच. तो डोळे मिटून बसला होता, कारखान्यात बसायचा तसा, सगळा जीव कानात आणून.

बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, सपाट, मग उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, उतरत उतरत खाली. त्या शांतपणे बोलल्या, त्याच्यासमोर तोंड ठेवून. नस कमजोर होते आहे, घराण्यात आहे म्हणालात, तेच. उंच आवाज आधी जातात. पाखरं, घंटा, स आणि श. लहान मुलांची बोलणी. कानाला यंत्र लावू, काही दिवस बरा उपयोग होईल. किती दिवस, त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, ते मला खरंच सांगता येणार नाही. खाली उतरणारी ही रेघ कुठे थांबेल, ते रेघच ठरवते.

घरी टिटवीने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "घसरगुंडी."

कारखान्यात त्याने स्वतःच सांगितलं. कोणी सांगायच्या आत. आता तो सुट्ट्या भागांच्या नोंदी बघतो, मामांच्या शेजारच्या टेबलावर. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्याने घरी आणला आहे आणि पडद्याची दांडी सैल झाली की तो वापरतो.

माझ्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. फक्त एकदा, चादरीच्या घड्या घालताना, दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे, तो म्हणाला, "बाबांना आम्ही सगळे मिळून सांभाळून घ्यायचो. तसं मला नको सांभाळूस." मी हो म्हटलं. मान हलवून म्हटलं, म्हणजे त्याला दिसेल.

फेअरिंग बसवल्यापासून गाडी खालीच उभी होती, टिटवीला शाळेत मीच सोडत होते. ती गाडी घेऊन तो पहिल्यांदा तिला शाळेत सोडून आला, त्या सकाळी मी फाटकाशी उभी होते. त्याने गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं. कानात नवं यंत्र, अजून बोचणारं. काचेवरची धूळ बाहीने पुसत राहिला.

"कशी चालते?" मी विचारलं. त्याच्यासमोर येऊन, हळू, पूर्ण तोंड उघडून.

"छान. वारा अजिबात लागत नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "अजिबात नाही."

मी काचेच्या त्या वळणावर हात फिरवला. इतकं सुबक काम. कुठे खडखड नाही, कुठे फट नाही. आता दोष द्यायला वाराही उरला नव्हता.



अस्वलाचा शोध टिटवीचा. मी काही शिकवलं नाही.

एका संध्याकाळी ती बाबाला गोष्ट सांगत होती. तो तिच्या तोंडाकडे बघत, मान डोलवत होता, आणि मला दिसत होतं की निम्मं निसटतंय. गोष्टीत अस्वल आलं. तिने हनुवटी छातीशी नेली, गाल फुगवले आणि पोटातून जाडाभरडा आवाज काढला, "कोण आहे रे तिकडे?"

तो चमकला. "अस्वल!" म्हणाला. "अस्वल म्हणालं, कोण आहे रे तिकडे."

त्याने बघून सांगितलं नव्हतं. ऐकून सांगितलं होतं. टिटवीचे डोळे हे एवढे झाले.

तेव्हापासून ती त्याच्याशी अस्वल होऊन बोलते. बाबा, पाणी दे. बाबा, माझा मोजा कुठे आहे. बाबा, आज शाळेत एकाने पेन्सिल खाल्ली. सगळं त्या जाड आवाजात, मान आत घेऊन, घसा खरवडत. तो हसतो, उत्तरं देतो, खोटंखोटं घाबरतो. संध्याकाळी मला पुन्हा सांगायला लागला आहे, आज म्हणे ढग चुकीच्या रस्त्याने गेला. स्टिरिओवर तो ढोलकीचीच गाणी लावतो आणि सिग्नलला थांबला की एक हात स्पीकरवर ठेवतो. मागून अस्वल गातं. लोक वळून बघतात.

रात्री तिचा घसा दुखतो. मी कोमट पाणी देते. बोलू नकोस एवढं, असं म्हणायला जाते आणि थांबते, कारण तिला 'बोलू नकोस' माझं एकदा म्हणून झालंय.

काल सकाळी मी तिला गाडीवर बसवलं. पट्टा तिच्या पाठीमागून घेतला, त्याच्या पोटाशी आणून बांधला. तो चावी फिरवत होता, निळे आकडे उमटत होते. ती नेहमीसारखी त्याच्या पाठीला गाल लावून बसली होती. मग एकदम मान वळवून तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले. ती माझ्या कानाशी बोलली, अस्वल होऊन नाही, तिच्या आवाजात, त्या उंच, पातळ, जन्मापासूनच्या.

"आई, बाबाशी तर अस्वलच बोलतं ना," ती म्हणाली. "मग मी कधी बोलायचं?"